अमेरिकेतल्या राज्यांच्या मत्स्य व वन्यजीव खात्यांना लागलेली कात्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळ टाकायला जाणारे, दुर्बीण घेऊन पहाटे बाहेर पडणारे आणि "आमच्या जवळची ट्राउटची हॅचरी (माशांची पैदास करून पिल्लं सोडणारं केंद्र) बंद होणार म्हणे, खरं का?" असं विचारणारे, अशा अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या प्रश्नांतून हे पान जमत गेलं. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसरीकडे आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. फी आणि नियम राज्यागणिक वेगळे असतात, तेव्हा लायसन्स काढण्याआधी आपल्या राज्याच्या खात्याची वेबसाइट बघाच.

१. हे खातं म्हणजे नक्की कोण? यलोस्टोनवाले का?

नाही. यलोस्टोन, योसेमिटी ही राष्ट्रीय उद्यानं फेडरल सरकारची. फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्या नोकरकपातीच्या बातम्या आल्या, त्याही फेडरल खात्यांच्या होत्या. आपण इथे बोलतोय ते राज्याच्या खात्याबद्दल. नावं वेगवेगळी आहेत: कुठे फिश अँड वाइल्डलाइफ, कुठे गेम अँड फिश, कुठे नॅचरल रिसोर्सेस. पेनसिल्व्हेनियात तर शिकारीच्या प्राण्यांसाठी एक कमिशन आणि मासे-होड्यांसाठी दुसरं.

रानातलं हरीण आणि नदीतला मासा यांचा सांभाळ अमेरिकेत मुख्यतः राज्याकडे असतो. स्थलांतरी पक्षी (१९१८ चा कायदा) आणि नामशेष होऊ घातलेल्या प्रजाती (१९७३ चा कायदा) यांत फेडरल सरकारचा शब्द मोठा. महाराष्ट्रात वन्यजीव वनविभागाकडे आणि मासे मत्स्यव्यवसाय विभागाकडे असतात; इथे बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच छताखाली.

२. मी टॅक्स भरतो, मग या खात्याला पैशाची चणचण का?

कारण तुमच्या टॅक्समधला फार थोडा पैसा तिथे पोचतो. आपल्याकडून येणाऱ्या माणसाला हे पटकन पटत नाही. वनखातं म्हणजे सरकारी तिजोरीवर चालणार, असं आपण गृहीत धरतो. इथली गाडी प्रामुख्याने दोन चाकांवर चालते.

पहिलं चाक म्हणजे लायसन्सची फी: शिकारीची, मासेमारीची, त्यावरच्या टॅग आणि स्टॅम्पची, म्हणजे ठराविक प्राण्यासाठी किंवा माशासाठी काढायच्या जादा परवान्यांची.

दुसरं म्हणजे फेडरल उत्पादन कर. १९३७ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर सही केली. रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर त्यामुळे राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळला. हँडगनवरचा १० टक्के आणि तिरंदाजीच्या सामानावरचा कर सत्तरच्या दशकात त्यात आला. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने माशांसाठी तीच सोय केली. गळ, रीळ अशा सामानावर साधारण १० टक्के कर असतो, आणि १९८४ च्या दुरुस्तीनंतर मोटरबोटींच्या इंधनावरच्या कराचा वाटाही त्यात येतो. हा कर कारखानदार किंवा आयातदार भरतो, म्हणून तुमच्या पावतीवर तो कधी दिसत नाही. दोन्ही कायद्यांतून अलीकडे दरवर्षी राज्यांना एक अब्ज डॉलरहून जास्त मिळतात.

राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून, म्हणजे जनरल फंडातून येणारा वाटा काही राज्यांत बरा असतो, काही ठिकाणी शून्य. पेनसिल्व्हेनियाचं गेम कमिशन त्यातला एक पैसाही घेत नाही.

३. मग सरळ फी का वाढवत नाहीत?

बहुतेक राज्यांत फी ठरवायचा अधिकार खात्याला नाही, तो विधिमंडळाला आहे. आणि मासेमारीचं लायसन्स महाग केलं हे मतदारांसमोर सांगायला कुणालाच आवडत नाही. मूळ दुखणं हे आहे. अर्थसंकल्पाच्या वर्षी त्याची फक्त बातमी होते.

विस्कॉन्सिनने आपल्या रहिवाशांची फी २००५ मध्ये वाढवली, त्यानंतर वीस वर्षं हात लावला नाही. २००५ मधल्या २० डॉलरना २०२५ मध्ये साधारण ३३ डॉलर लागतात. खात्याला मात्र डिझेल, पगार, आरोग्य विमा आणि माशांचं खाद्य आजच्या भावाने घ्यावं लागतं. मिशिगनची फी २०१४ ची. पेनसिल्व्हेनियात प्रौढ रहिवाशाचं शिकारीचं लायसन्स १९९९ पासून २०.९७ डॉलरवर अडकलं. ते कमिशन तरलं ते त्याच्या जमिनीखालच्या नैसर्गिक वायूच्या रॉयल्टीवर, आणि ही सोय काही प्रत्येकाच्या नशिबात नसते. त्याच राज्याच्या फिश अँड बोट कमिशनला असा मोठा आधार नव्हता. २०१७ मध्ये त्यांनी फीवाढ झाली नाही तर हॅचऱ्या बंद कराव्या लागतील असा इशारा दिला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. अखेर २०२० च्या कायद्याने त्यांना स्वतःची फी ठरवायची मुभा मिळाली.

वॉशिंग्टन राज्याने १ जुलै २०२५ पासून फी एकदम सुमारे ३८ टक्के वाढवली, २०११ नंतर प्रथमच. सिएटलकडून आमच्याकडे सर्वात जास्त तक्रारी याच वाढीच्या आल्या. पण चौदा वर्षं थोपवून धरलेली वाढ एका दिवसात आली की ती अशीच अंगावर येते. कॅलिफोर्नियात उलट तऱ्हा: महागाईच्या निर्देशांकानुसार फी दरवर्षी आपोआप सरकते. तिथले लोक दरवर्षी थोडं थोडं कुरकुरतात. माझ्या मते हाच मार्ग बरा.

४. कपात एक डॉलरची, पण नुकसान चार डॉलरचं, असं ऐकलं. हे कसं?

फेडरल कराचा पैसा राज्याला परतफेडीच्या स्वरूपात मिळतो. खर्चाचे ७५ टक्के फेडरल, २५ टक्के राज्याचे. म्हणजे राज्याने आपला एक डॉलर पुढे केला की तीन मिळतात. तो एक डॉलर कापला गेला आणि दुसरीकडून उभा राहिला नाही, तर तीनही जागच्या जागी राहतात. ठरलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांत, पैसे कामाला लावले नाहीत तर ते राज्याच्या हातून जातात.

यात एक गंमत आहे. राज्याचा २५ टक्के वाटा रोखच असावा लागतो असं नाही. शिकार-सुरक्षेचे वर्ग घेणाऱ्या स्वयंसेवकांचे तास डॉलरमध्ये मोजून त्यात धरता येतात. म्हणून तुमच्या हजेरीपत्रकावर सही घ्यायला ते एवढे मागे लागतात.

५. बंदुका तर खोऱ्याने विकल्या जातात. मग पैसा कमी कसा?

२०२० आणि २०२१ मध्ये विक्री उसळली आणि नंतरच्या एक-दोन वर्षांत राज्यांना विक्रमी वाटे मिळाले, हे खरं. पण त्यात तीन अडचणी आहेत.

ही कमाई वर-खाली होत राहते. तिच्या भरवशावर कायमचा जीवशास्त्रज्ञ नेमता येत नाही. वाटा मिळवायला राज्याकडे स्वतःचा चौथा हिस्सा लागतो (प्रश्न ४). आणि वाटपाचं सूत्र विक्री कुठे झाली हे बघत नाही. वन्यजीवांच्या पैशासाठी निम्मा भार राज्याच्या क्षेत्रफळाला, निम्मा लायसन्सधारक शिकाऱ्यांच्या संख्येला. कोणत्याही राज्याला ५ टक्क्यांहून जास्त नाही आणि अर्ध्या टक्क्याहून कमी नाही. माशांसाठी ४० टक्के भार जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळाला, ६० टक्के लायसन्सधारकांना.

बंदूक घेणारे बहुतेक लोक शिकारीला जातच नाहीत. १९८० च्या सुमारास शिकाऱ्यांची संख्या शिखरावर होती, आणि लोकसंख्येच्या तुलनेत ती तेव्हापासून घसरतेच आहे. २०१९ अखेरच्या दुरुस्तीने राज्यांना याच पैशातून नवे शिकारी जोडण्याची जाहिरात करायची परवानगी दिली, ती या काळजीपोटीच.

६. कात्री आधी कशाला लागते?

ज्याची बातमी होत नाही त्याला. आधी रिकामी पदं भरायचं थांबतं. मग उन्हाळ्यातली हंगामी मुलं घेत नाहीत. मग हरणांची विमानातून मोजणी एक वर्षाआड होते, तलावात जाळी लावून घ्यायचे नमुने कमी होतात, होडी उतरवायच्या रॅम्पची डागडुजी पुढे ढकलली जाते. (रॅम्पचं नशीब जरा बरं, कारण माशांच्या फेडरल पैशातला १५ टक्के भाग बोटिंगच्या सोयींवर घालावाच लागतो.) गेम वॉर्डनला, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम राबवणाऱ्या अधिकाऱ्याला, हात लावायला कुणी धजत नाही, पण एखाद्या काउंटीतला निवृत्त झाला की शेजारच्या काउंटीतल्यावर दोन्ही पडतात.

मोजणी थांबली तर काय मोठं, असं वाटतं. पण पुढच्या वर्षी किती टॅग द्यायचे, किती मासे धरू द्यायचे हे त्या मोजणीवर ठरतं. आकडा नसला की खातं हात आखडून परवानग्या देतं, लायसन्स कमी विकली जातात, आणि उत्पन्न पुन्हा घटतं.

हॅचरीचा हिशोब निराळा. त्याच वसंतात पकडण्यासाठी सोडलेली ट्राउट कमी झाली तर ते लगेच कळतं. सॅमनची पिल्लं या वर्षी कमी सोडली तर समुद्रातून परत येणाऱ्या माशांत त्याची तूट तीन ते पाच वर्षांनी दिसते. तोवर ती कपात करणारे आमदार बहुधा बदललेले असतात.

याच काळात कामं मात्र वाढताहेत. हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या पिंजऱ्यातल्या हरणांत प्रथम दिसला, आज तो ३० हून अधिक राज्यांत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॉकटन बंदराजवळ गोल्डन मसल हे परके शिंपले सापडले. तेव्हापासून तलावांवर होड्या तपासायचं काम वाढलं, आणि त्यालाही माणसं लागतात.

७. राज्याला तूट आली तर सरकार लायसन्सचा पैसा रस्त्यांवर खर्च करू शकतं का?

नाही, आणि हा या व्यवस्थेतला सर्वात भक्कम भाग आहे. फेडरल वाटा हवा असेल तर राज्याला आधी कायदा करून कबूल करावं लागतं की लायसन्सचा पैसा याच खात्याच्या कामाला लागेल. पन्नासही राज्यांनी तो केला आहे. लायसन्सच्या पैशावरचं व्याज आणि त्यातून घेतलेली जमीन, गाड्या हेही त्यात आलं. कुणी पैसा वळवला तर तो परत भरेपर्यंत फेडरल अनुदान बंद.

पळवाटा तरीही उरतात. खात्यात पैसा पडून असतो, पण तो खर्च करायची मंजुरी विधिमंडळ देत नाही. राज्यभर नोकरभरती गोठवली की लायसन्सच्या पैशावरची पदंही गोठतात. किंवा नवं काम डोक्यावर येतं, त्याचा पैसा येत नाही. यात वळवावळवी सिद्ध करणं फार कठीण.

८. न्यू जर्सीत समुद्रावर मासे धरायला लायसन्स लागत नाही. मग उलट बरंच की!

तुमच्या खिशाला बरं. समुद्रातल्या मासेमारीसाठी तिथे फक्त फुकटची नोंदणी आहे. पण वाटपाच्या सूत्रात पैसे भरून लायसन्स घेतलेले लोकच मोजतात (प्रश्न ५), आणि प्रत्येकामागे खात्याच्या हाती किमान ठराविक रक्कम उरावी लागते. त्यामुळे जर्सीच्या किनाऱ्यावर उभा असलेला माणूस फेडरल हिशोबात धरलाच जात नाही.

गोड्या पाण्यात लायसन्स लागतं, ट्राउटसाठी वेगळा स्टॅम्प. पीक्वेस्टची हॅचरी प्रामुख्याने त्यावर चालते. काही वर्षांपूर्वी तिथे फ्युरंक्युलोसिस हा माशांचा रोग शिरला, लाखभर ट्राउट मारावे लागले आणि त्यानंतर रेनबो ट्राउटवर भर दिला गेला. अशा एका धक्क्याला पुरेल एवढी गंगाजळी ठेवणं म्हणजे काय, हे कपातीच्या चर्चेत कुणी विचारत नाही.

९. मी फक्त पक्षी बघतो. माझ्याकडून खात्याला काय जातं?

खरं सांगायचं तर जवळपास काही नाही. दुर्बिणीवर, तंबूवर, पक्ष्यांच्या दाण्यावर असा कर नाही. नव्वदच्या दशकात तो लावायची मोठी मोहीम झाली होती, पण सामान बनवणाऱ्या कंपन्यांच्या विरोधापुढे ती बारगळली. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत शिकारी सुमारे १ कोटी ४४ लाख, मासेमार सुमारे ४ कोटी आणि वन्यजीव बघणारे १४ कोटी ८० लाख निघाले. पैसे भरणारे पहिले दोन गट.

बेडूक, वटवाघळं, फुलपाखरं, गाणारे पक्षी यांच्यासाठी २००० पासून राज्य वन्यजीव अनुदान नावाची एक फेडरल योजना आहे. अलीकडे तिच्यात वर्षाला साधारण ७ कोटी डॉलर असतात, तेही सगळ्या राज्यांत वाटून. राज्यांच्या कृती आराखड्यांत काळजीच्या प्रजातींची संख्या १२ हजारांवर आहे. भागाकार तुम्हीच करा.

काही करायचं असेल तर तीन गोष्टी. राज्याच्या आयकर फॉर्मवर वन्यजीव निधीचा रकाना असतो (कोलोरॅडोने १९७७ मध्ये ही प्रथा सुरू केली), तो भरा. वन्यजीवांची नंबर प्लेट घ्या. किंवा सरळ मासेमारीचं लायसन्स काढा. गळ टाकायची सक्ती नाही, आणि तुमचं डोकं सूत्रात मोजलं जातं. डक स्टॅम्प (बदकांच्या शिकारीसाठी लागणारा फेडरल स्टॅम्प, तो कुणीही घेऊ शकतं) जरूर घ्या, २५ डॉलर पाणथळ जागांवर सार्थकी लागतात, पण तो पैसा फेडरल अभयारण्यांकडे जातो. राज्याच्या खात्याला त्याने मदत होत नाही. ही गल्लत फार होते.

१०. आमच्या घरात कुणी मुंगीही मारत नाही. शिकारीवर चालणाऱ्या खात्याला पैसे का द्यावेत?

हा प्रश्न येतोच, आणि त्याला उडवून लावू नये. भारतात शिकार बंद आहे; १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्या आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. इथला इतिहास दुसऱ्या वाटेने गेला. बाजारासाठीच्या बेसुमार शिकारीने १९०० च्या आसपास पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांवर आली होती असा अंदाज सांगतात. हंगाम, मर्यादा आणि वॉर्डन आले, त्याचा खर्च शिकाऱ्यांनी उचलला, आणि आज हरणं कोट्यवधींत आहेत. उपनगरातल्या तुमच्या बागेतली होस्टाची झाडं खाणारी तीच.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्याचा पैसा त्याचा आवाज. अनेक राज्यांच्या कमिशनवर शिकारी-मासेमारांचं वजन जास्त, आणि लांडगा किंवा कूगर (मोठी रानमांजर, प्यूमा) यांचा प्रश्न आला की ते जाणवतं. शिकार न करणाऱ्यांनी पैसा द्यायचा नाही आणि खात्याने मात्र आपलं ऐकावं, ही अपेक्षा मला टिकणारी वाटत नाही. तुमचं तत्त्व आड येत असेल तर वर सांगितलेला रकाना किंवा नंबर प्लेट आहेच (प्रश्न ९), तो पैसा बहुतेक ठिकाणी शिकार न होणाऱ्या प्रजातींकडे जातो.

११. काही राज्यांचं बरं कसं चाललंय?

त्यांनी सगळ्यांकडून थोडं थोडं घेतलं. मिझुरीत १९७६ मध्ये लोकांनी मत देऊन विक्रीकरात एक अष्टमांश टक्का या कामासाठी राज्यघटनेत बांधला. १०० डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट. खात्याचं निम्म्याहून जास्त उत्पन्न त्यातून येतं. आर्कान्सॉने १९९६ मध्ये तसंच केलं. मिनेसोटाने २००८ मध्ये तीन अष्टमांश टक्का मंजूर केला, २०३४ पर्यंत. त्यातला एक तृतीयांश अधिवासासाठी.

आयोवाची कथा ऐकण्यासारखी. २०१० मध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी निसर्गनिधीला मत दिलं. अट अशी, की पुढच्या वेळी विक्रीकर वाढेल तेव्हा पहिला तीन अष्टमांश टक्का या निधीत जाईल. विक्रीकर वाढलाच नाही. निधी घटनेत आहे, पैसा नाही.

ओरेगनमध्ये हॉटेल-निवासावर सव्वा टक्का कर वाढवायचं विधेयक २०२५ मध्ये खालच्या सभागृहात पास झालं आणि सेनेटमध्ये अडकलं. देशपातळीवर वर्षाला सुमारे १.४ अब्ज डॉलर देऊ करणारं विधेयक जून २०२२ मध्ये हाउसने, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, २३१ विरुद्ध १९० मतांनी पास केलं, तेही सेनेटमध्येच थांबलं.

१२. फेडरल शटडाउन झालं, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने फेडरल कामकाज बंद पडलं, तर माझं लायसन्स चालतं का?

चालतं. लायसन्स राज्याचं आहे. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर शटडाउन होतं, तेव्हाही राज्यांची लायसन्स वैध होती. फेडरल जागेवर जाणार असाल तर ती जागा उघडी आहे का हे वेगळं बघा.

१३. आई-बाबा उन्हाळ्यात येणार आहेत. त्यांचं लायसन्स काढायचं का? ज्येष्ठांना फुकट असतं ना?

ज्येष्ठांची सवलत बहुधा त्या राज्याच्या रहिवाशांनाच. पाहुण्यांना परराज्यातल्यांचं लायसन्स लागतं, बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांचं मिळतं. नुसतं सोबत बसले तर लागत नाही. गळ हातात धरला की लागतं. जूनच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यांत विनालायसन्स मासेमारीचे दिवस असतात, बाबांना हौस असेल तर तिकिटं त्या बेताने काढा.

परराज्यातल्यांची फी जास्त असते. पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत एल्कच्या टॅगसाठी ती कित्येक पट असते आणि खात्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यातून येतो.

१४. कोलोरॅडोत लांडगे आणायला पैसे आहेत आणि इतर कामांना नाहीत, हे कसं?

डबे वेगळे आहेत. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी अगदी थोड्या फरकाने लांडगे परत आणायचा कौल दिला, आणि पहिले लांडगे डिसेंबर २०२३ मध्ये सोडले. पण या कामाला शिकार-मासेमारीच्या लायसन्सचा पैसा वापरायचा नाही असं कायद्यात लिहिलं आहे. त्यामुळे लांडगे काढले तर तुमची हॅचरी वाचेल, हा हिशोब जुळत नाही.

उलट बाजूही बघा. लायसन्सच्या पैशाला जे कवच आहे (प्रश्न ७), ते जनरल फंडाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याची तूट भरायला खास अधिवेशन बोलावलं, तेव्हा लांडग्यांच्या रकमेतला काही भाग काढून आरोग्य विम्याकडे वळवला गेला.

१५. लायसन्स घेतलं आणि हंगामच बंद केला. पैसे परत मिळतात का?

सहसा नाही. आणि प्रत्येक बंदी कपातीमुळे नसते. कॅलिफोर्नियाचा समुद्री सॅमनचा हंगाम २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्ण बंद होता, कारण नदीत परतणारे मासेच घटले होते. २०२५ मध्ये हौशी मासेमारांना मोजके दिवस मिळाले, व्यावसायिकांना तेही नाहीत. बंदीचा आदेश निघाला की त्यात कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. तुमच्या लायसन्सवर बाकीचे मासे धरता येतातच, आणि कॅलिफोर्नियात ते आता खरेदीच्या दिवसापासून ३६५ दिवस चालतं, त्यामुळे पूर्वीसारखं डिसेंबरअखेर वाया जात नाही. वेगळा टॅग किंवा रिपोर्ट कार्ड घेतलं असेल तर त्याच्या परताव्याचे नियम निराळे असतात, त्यासाठी खात्याच्या लायसन्स विभागाला फोन करणं हाच उपाय. फोन उचलायला तिथे सध्या माणसं कमी आहेत, तेव्हा जरा वेळ धरा.